बिस्किटाचा साचा आणि रॉकेलचा डबा

मंडळी, आजचा विषय तसा किरकोळच आहे. लाटलेल्या पिठातून बिस्किटे कापायचा साचा. हल्ली लहान मुलेसुद्धा त्याला 'कुकी कटर' म्हणतात. दुकानात स्टीलचा नाहीतर प्लास्टिकचा डझनाचा संच मिळतो. त्यात चांदणी, बदाम, फूल, ससा, माणूस आणि नाताळचे झाड असते. एवढ्याशा वस्तूला कसला आलाय इतिहास, असे कुणीही म्हणेल.

पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला एक खोड लागलेली असते. कुठलीही वस्तू हातात आली की ती विचारते, ही कशाची केली, कुठून आली, आणि हिच्या आधी लोक काय वापरत होते? या तीन प्रश्नांच्या मागे लागले तर हा चिमुकला साचा मला जर्मनीतून अमेरिकेत घेऊन गेला, तिथून वेल्समध्ये, वेल्समधून जमशेदपूरला, आणि जमशेदपूरहून थेट आपल्या घरातल्या रॉकेलच्या डब्यापाशी आणून सोडले. प्रवास लांबचा आहे, पण कंटाळा येणार नाही अशी आशा करते.

आधी शब्दांचे बघू. 'बिस्किट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले 'दोनदा भाजलेले' हे शब्द आहेत. 'कुकी' मात्र डच लोकांची. त्यांच्या भाषेत 'कूक' म्हणजे केक आणि 'कूक्ये' म्हणजे छोटासा केक. न्यूयॉर्क हे १६६४ पर्यंत डचांचे न्यू अॅम्स्टरडॅम होते. त्यांचे राज्य गेले, शब्द मात्र अमेरिकेच्या स्वयंपाकघरात राहिला. राज्ये जातात आणि खाण्याचे शब्द मागे राहतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपला पाव आणि बटाटा पोर्तुगीजांचेच की!

युरोपात बिस्किटाला आकार द्यायची जुनी रीत म्हणजे लाकडी ठसा. नासपतीच्या झाडासारख्या घट्ट लाकडात चित्र उलटे कोरायचे आणि पिठावर दाबायचे, म्हणजे चित्र उठून दिसते. घोडेस्वार, राजघराण्याची चिन्हे, बायबलमधले प्रसंग असे काय वाटेल ते त्यावर असे. पण असा ठसा कोरायला कसबी माणूस लागे, त्याला पैसे लागत, आणि पुष्कळ ठिकाणी गोड मसालेदार बिस्किटे करण्याचा हक्कही ठराविक कारागिरांपुरताच होता. न्यूरेंबर्ग शहरात तर १६४३ पासून लेबकुखन नावाच्या मसालेदार पोळीसारख्या बिस्किटाच्या भटाऱ्यांची स्वतंत्र संघटना होती. म्हणजे घोडा कसा दिसावा हे कोरणारा ठरवणार, बिस्किट कोण करणार हे संघटना ठरवणार. घरातल्या बाईने विकत घ्यायचे आणि मुलांना द्यायचे, एवढेच तिच्या वाट्याला.

हे सगळे बदलले ते एका स्वस्त वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे टिनचा पत्रा. त्यातही त्या पत्र्याची कातरण.

टिनचा पत्रा म्हणजे नुसते कथील नव्हे. कथील महाग आणि मऊ. लोखंड स्वस्त आणि मजबूत, पण गंजते. म्हणून लोखंडाचा पातळ पत्रा वितळलेल्या कथलात बुडवून काढायचा, की वर चकचकीत पातळ थर बसतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे हे काम फार मोठ्या भट्टीविना जमते. आपल्या वाचकांना हे समजावण्यासाठी एकच शब्द पुरे : कल्हई. नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने तापलेल्या पितळेवर कल्हईवाला जो थर चढवायचा तो याच कथलाचा. टिनचा पत्रा म्हणजे कल्हई केलेले लोखंड, असे म्हटले तरी चालेल.

ही विद्या आधी बोहेमिया आणि सॅक्सनीकडे होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या पाँटिपूल येथे जॉन हॅनबरी यांच्या कारखान्यात लोखंड ठोकून पातळ करण्याऐवजी रुळांमधून लाटून पत्रा करू लागले. (लाटणे सगळीकडे येते बघा!) लाटलेला पत्रा सारख्या जाडीचा आणि गुळगुळीत होई. वेल्सचा हा पत्रा जहाजांतून अमेरिकेला जाऊ लागला.

तिकडे पेनसिल्व्हेनियात जर्मनभाषक शेतकरी येऊन वसले होते. १६८३ पासून त्यांचे येणे सुरू झाले आणि अठराव्या शतकात त्याचा मोठा ओघ लागला. त्यांना तिकडे 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात, पण ते हॉलंडचे नव्हेत, 'डॉइच' म्हणजे जर्मन. नाताळला बिस्किटे करायची चाल त्यांनी बरोबर आणली. आणि गावोगावी टिनच्या वस्तू करणारे कारागीरही होते. कंदील, कॉफीची किटली, दुधाच्या बादल्या, नरसाळी करून विकणे हा त्यांचा धंदा.

आता गंमत बघा. किटलीचे गोल झाकण कापले की चौकोनी पत्र्याचे चार कोपरे उरतात. कंदिलाची बाजू कापली की लांब पट्टी उरते. समुद्रापलीकडून आलेला पत्रा, तो टाकणार कसा? मग कारागीर त्या पट्टीला वळवून घोडा, हरीण, पक्षी, बदाम, ट्यूलिपचे फूल असा आकार देई. उरलेल्या सपाट तुकड्यावर ती पट्टी उभी ठेवून डाख देई, आणि वरून धरायला एक छोटी कडी लावी. झाला साचा! काही साच्यांची पाठ नीट चौकोनी नाही, वेडीवाकडी आहे. तुकडा जसा उरला तसा वापरला, हे त्यावरून लगेच कळते.

या जुन्या साच्यांच्या पाठीला बहुधा एक-दोन भोके असतात. ती शोभेची नव्हेत. बंद पाठीचा साचा पिठावर दाबला की आत हवा कोंडते आणि उचलताना पीठ त्याला चिकटून वर येते. भोक असले म्हणजे हवा आतबाहेर होते. पीठ तरीही अडकलेच तर त्याच भोकातून बोटाने ढकलायचे. विज्ञानाच्या तासाला हवेचा दाब शिकवायला याहून सोपे साधन मला माहीत नाही.

१७९६ साली हार्टफर्ड येथे अमीलिया सिमन्स या बाईंचे पाकपुस्तक छापले गेले. अमेरिकन माणसाने लिहून अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकपुस्तक मानतात. पुस्तकावर तिने आपली ओळख 'अमेरिकेतली एक अनाथ' अशी करून दिली आहे. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे. मैदा, लोणी, साखर, दूध आणि... धन्याची पूड! पीठ पाऊण इंच जाड लाटायचे आणि कापून किंवा ठसा दाबून हवा तो आकार आणि हवे ते आकारमान द्यायचे. वर सल्ला असा की सुरुवातीला ती कडक वाटतील, पण मातीच्या भांड्यात घालून ओलसर जागी ठेवली तर सहा महिन्यांनी जास्त चांगली लागतात. आपल्याकडे सहा महिने कुठला खाऊ उरतो म्हणा!

मला त्या कृतीतले 'हवा तो आकार' हे फार महत्त्वाचे वाटते. न्यूरेंबर्गमध्ये जे संघटनेच्या आणि कोरणाऱ्याच्या हातात होते, ते इथे घरच्या बाईच्या मर्जीवर सोडले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात घरोघरी बिडाच्या लोखंडी शेगड्या आल्या. त्यांना भट्टीचा कप्पा असे, त्यामुळे घरी भाजणे सोपे झाले. साचाही स्वस्त झाला होता. कारण तो उरलेल्या पत्र्याचा होता.

दरम्यान आणखी एक घटना घडली. अन्न टिकवण्याच्या पद्धतीसाठी निकोला आपेर या फ्रेंच माणसाला १८१० साली १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. तो काचेच्या बाटल्या वापरत असे. त्याच वर्षी लंडनला पीटर ड्युरांड याने टिनच्या डब्याचे पेटंट घेतले. डबा आला, पण तो उघडायचे साधन यायला आणखी चाळीसेक वर्षे लागली. तोवर छिन्नी आणि हातोडा! या डब्याने पत्रा थेट घरात आणून टाकला. आतला जिन्नस संपला की डबा उरायचा. बेकिंग पावडरचा किंवा कसलाही रिकामा डबा उपडा धरून बिस्किटे कापणे ही अमेरिकन घरात रोजची गोष्ट झाली. पाठीला खिळ्याने एक भोक पाडले की झाले. कारागिराची युक्ती आता कुणालाही करता येऊ लागली. पुढे विसाव्या शतकात बेकिंग पावडरच्या आणि पिठाच्या कंपन्याही जाहिरात म्हणून साचे फुकट वाटू लागल्या.

आता आपल्याकडे कसे आलो ते सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जगाला टिनचा पत्रा पुरवणारा देश म्हणजे वेल्स, आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. १८९० साली अमेरिकेने मॅकिन्लीचा जकात कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या पत्र्यावर जबर जकात बसवली. (हेच मॅकिन्ली पुढे अध्यक्ष झाले.) हेतू हा की पत्रा अमेरिकेतच तयार व्हावा. तो होऊ लागलाही. वेल्समधल्या गिरण्या बंद पडल्या, कारागीर बेकार झाले, कितीतरी जण अमेरिकेला निघून गेले. आणि काही जण १९२०च्या दशकात आले ते आपल्या जमशेदपूरला.

कशासाठी, तर रॉकेलच्या डब्यांसाठी! बर्मा ऑइल कंपनीला रॉकेल भरायला डबे लागत. पत्रा बाहेरून आणावा लागे. म्हणून १९२० साली बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली. जमशेदपूरच्या गोलमुरी भागात १९२२च्या अखेरीस पत्रा निघू लागला. भट्टीसमोर उभे राहून तापलेला पत्रा सांडशीने धरायचा आणि रुळांत घालायचा, असे ते काम. झारखंडच्या उन्हाळ्यात! १९२९ साली तिथल्या कामगारांनी कित्येक महिने संप केला. चकचकीत डब्यामागे एवढे सगळे होते. ती कंपनी जानेवारी २०२४ मध्ये टाटा स्टीलमध्ये विलीन झाली.

चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा तो चौकोनी डबा माझ्या वयाच्या माणसांना वेगळा दाखवायला नको. रॉकेल संपले की डब्याचा खरा जन्म सुरू व्हायचा. वरचा पत्रा कापून, आडवी दांडी ठोकून पाणी आणायची बादली. झाकण बसवून धान्याचा डबा. उलगडून सपाट केला की गोठ्याचे छप्पर. बोहरी आळीसारख्या भागात पत्र्याचे काम करणारे कारागीर बसत. ते त्यातून नरसाळी, चिमण्या, मापे, पेट्या करून देत. किसणी तर घरीच व्हायची. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने भोके पाडायची, की उलट्या बाजूने धार तयार. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि त्याच्या पिवळ्या डब्यानेही पुढे हाच मार्ग धरला. तुळशीपासून तूरडाळीपर्यंत सगळे त्या डब्यात.

पण मंडळी, इथे एक प्रश्न पडतो. पत्रा होता, कारागीर होते, हातात कसब होते. मग पेनसिल्व्हेनियासारखे घोडे-हरणांचे साचे आपल्याकडे का नाही झाले?

माझे उत्तर असे की आपल्या घरात भट्टी नव्हती. चूल होती. चुलीवर तळता येते, भाजणी भाजता येते, पण बिस्किट भाजायला चोहोबाजूंनी उष्णता लागते. म्हणून आपला सणाचा जिन्नस तळणीतला. तळणीत हरणाचे पाय आणि शिंगे टिकतात कशाला! मैदा, रवा, तूप, साखर घरून नेऊन बेकरीतून नानकटाई करून आणायची चाल आपल्याकडे चांगली रुजली होती. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत बेकरीबाहेर डबे घेऊन मुलांची रांग असे. पण तिथेही जिन्नस आपला आणि आकार बेकरीवाल्याचा. हातावर गोळा वळला, चपटा केला, पत्र्याच्या ट्रेवर ठेवला. आपण फक्त मोजून आणायची. म्हणजे न्यूरेंबर्गसारखेच झाले की नाही?

दुसरे कारण काटकसरीचे. शंकरपाळ्याचा आकार आठवा. पोळी लाटली, कातण आडवी-तिरकी फिरवली, की सगळ्या पोळीचे शंकरपाळे. कडेचे थोडे सोडले तर काही उरत नाही. आता तीच पोळी वाटीने गोल गोल कापून बघा. वर्तुळे एकाखाली एक सरळ रांगेत पाडली तर शेकडा एकवीस भाग पीठ मध्ये उरते. मधमाशीच्या पोळ्यासारखी एकाआड एक बसवली तरी शेकडा नऊ उरतेच. (गणिताच्या शिक्षकांनी ताळा करून पाहावा.) ती कातरण पुन्हा मळायची, पुन्हा लाटायची, आणि दुसऱ्या खेपेची वस्तू जरा चिवटच होते. आपल्या आज्यांनी भूमितीचे पुस्तक पाहिले नसेल, पण पीठ वाया जाणार नाही असा आकार त्यांनी बरोबर धरून ठेवला.

आणि जिथे गोल हवा तिथे साचा घरातलाच. पुऱ्या एकसारख्या हव्यात तर वाटी, नाहीतर डब्याचे झाकण. एकाच वाटीने किती आकार होतात पाहा. एकदा कापले की पूर्ण चंद्र. वाटी थोडी सरकवून त्याच चंद्रावर पुन्हा दाबली की चंद्रकोर, आणि बाजूला उरते ते पानासारखे दोन्हीकडे टोकदार. अशी पाने गोल मांडली की फूल. एक पैसा खर्च नाही. गोव्याकडे आणि वसईकडे ख्रिस्ती घरांत नाताळला कुलकुल करतात. त्याला साचा कसला, तर खास त्या कामासाठी ठेवलेला कोरा कंगवा किंवा काटा! पिठाची गोळी त्यावर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. गोव्यात कोकणीत त्याला किडयो म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, चवीला फार छान लागतात.

मग १९४२ साल आले. फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि मलायाच्या कथलाच्या खाणी जपानकडे गेल्या. मार्चमध्ये रंगून गेले. जाण्यापूर्वी बर्मा ऑइलने सिरियमचा आपलाच तेलशुद्धीकरण कारखाना उडवून दिला. म्हणजे डब्यावरचे कथील आणि डब्यातले रॉकेल, दोन्हींचे मोठे उगम महिन्याभराच्या अंतराने बंद झाले. इकडे रॉकेल दुर्मिळ झाले. तिकडे अमेरिकेत बायका रिकामे डबे धुऊन, कागद काढून, दोन्ही टोके कापून पायाने चपटे करून सरकारला देऊ लागल्या. एका बिस्किटाच्या साच्याएवढा पत्राही मोलाचा झाला.

युद्ध संपल्यावर प्लास्टिक स्वस्त झाले आणि साचे प्लास्टिकचे झाले. आपल्याकडे पुढे तेल-तूप पिशव्यांत आणि प्लास्टिकच्या बरण्यांत येऊ लागले. पत्र्याचे डबे कमी झाले आणि पत्र्याचे काम करणारेही. यात सगळेच वाईट झाले असे मी म्हणणार नाही. जुन्या डाखात शिसे असे, आणि शिसे पोटात जाणे घातक. अमेरिकेत शिशाचा डाख दिलेले खाद्यपदार्थांचे डबे १९९१ पर्यंत बंद झाले आणि १९९५ साली त्यांवर कायद्याने बंदी आली. म्हणून कुणाकडे आजी-पणजीच्या काळचा डाख दिलेला साचा किंवा माप असेल तर ते भिंतीवर लावा, पिठाला लावू नका. पत्र्याची कड हात कापते हेही खरे. जुने ते सगळे सोने नसते.

पण एक गोष्ट गेली, तिचे मात्र वाईट वाटते. डझनाच्या संचात बारा आकार येतात, ते कुणीतरी दूर बसून ठरवलेले असतात. त्यात नाताळचे झाड आहे, पण पणती नाही. माणूस आहे, पण कोयरी नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलानातवंडांना तिकडे इंग्रजी अक्षरांचे साचे सहज मिळतात. 'ग' मिळत नाही, 'ळ' तर नाहीच नाही. मग 'ळ' हवा असेल तर काय करायचे? जे पेनसिल्व्हेनियाच्या कारागिराने केले, तेच. उरलेल्यातून करायचा.

करायला अगदी सोपे आहे, म्हणून सांगते. एकदाच हवा असलेला आकार पुठ्ठ्याने करावा. जुनी लग्नपत्रिका या कामाला उत्तम. (नाहीतरी त्या घरात साठतातच.) तिच्यावर आकार काढून कापायचा, प्लास्टिकच्या स्वच्छ कागदात गुंडाळायचा, लाटलेल्या पिठावर ठेवून टोकदार सुरीने कडेने फिरायचे. 'ळ' असाच करावा, आणि रेघा चांगल्या बोटभर जाड ठेवाव्यात, नाहीतर भाजताना तुटतात.

पुन्हा पुन्हा हवा असेल तर जेवणाच्या डब्यांसाठी मिळतात त्या अॅल्युमिनियमच्या ट्रेचा सपाट तळ घ्यावा, किंवा स्वयंपाकघरातली जाड फॉइल दोन-तीन पदरी करून घ्यावी. सहा सेंटीमीटर रुंदीची लांब पट्टी कापून तिची उभी तिहेरी घडी घालावी, म्हणजे दोन सेंटीमीटरची मजबूत पट्टी होते आणि कापलेली कड हाताला लागत नाही. घडी लाटण्याने दाबून सपाट करावी. मग गोलासाठी बाटलीभोवती, बारीक वळणासाठी पेन्सिलीभोवती वळवावी. पहिल्यांदा कोयरी करावी. तिला एकच टोक असते, आणि पट्टीची दोन्ही तोंडे तिथेच जुळतात. ती एकमेकांत घडी करून अडकवावीत. स्टेपलरची पिन मारू नये, ती सुटून पिठात गेली तर कळणार नाही. पट्टी जमिनीला सगळीकडून सारखी टेकते ना, हे टेबलावर ठेवून पाहावे. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा छान वळतो, पण त्याची कड फार धारदार असते, तेव्हा तो मोठ्यांनीच आणि हातमोजे घालून कापावा.

पीठही जरा घट्ट हवे. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर बेताने घालावी, नाहीतर भट्टीत बिस्किट फुगून कोयरीचा बटाटा होतो. कापलेले आकार भाजण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले तर लोणी घट्ट राहते आणि आकार नीट टिकतो. साचा प्रत्येक वेळी कोरड्या पिठात बुडवून घ्यावा.

आता शेवटचे. पेनसिल्व्हेनियातले ते कातरणीचे साचे आज तिकडे लोककला म्हणून जपून ठेवलेले आहेत. संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात. पण त्या घोड्यांवर आणि हरणांवर ते करणाऱ्याचे नाव बहुधा नसते. साचा राहिला आणि माणूस हरवला. आपल्याकडे तर साचाही राहिला नाही. खिळ्याने भोके पाडलेली किसणी, दांडी ठोकलेला रॉकेलचा डबा, कडा झिजलेले पुरीचे झाकण हे सगळे आपण भंगारात दिले, आणि वर 'गरिबीतले दिवस' म्हणून जरा लाजलोही. तिकडच्या लोकांची गरिबी काही वेगळी नव्हती. पत्र्याची कातरणसुद्धा टाकवत नव्हती, अशीच ती होती. त्यांच्यातल्या काहींनी ती वस्तू ठेवून दिली, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझी एक विनंती आहे. या दिवाळीला मुलांना बरोबर घेऊन एक तरी साचा घरी करा. कोयरी करा, पणती करा, आपल्या गावच्या देवळाचा कळस करा. आणि तो झाला की टोकदार खिळ्याने त्याच्या बाजूवर तीन गोष्टी कोरून ठेवा : करणाऱ्याचे नाव, गाव आणि साल. पन्नास वर्षांनी तो कुणाच्या हातात पडेल त्याला माझ्यासारखे तीन प्रश्न पडतील, तेव्हा निदान एकाचे उत्तर तरी त्याला तिथेच मिळेल.

असो. तुमच्या घरी पुऱ्या कशाने पाडायचे आणि रॉकेलच्या डब्याचे काय काय झाले, ते जरूर कळवा. घरात कुणी आत्या-मावशी ऐंशी-नव्वदीच्या असतील तर आधी त्यांना विचारा. त्यांना जे आठवते ते कुठल्याही पुस्तकात मिळायचे नाही.